ठाणे : नागरी सेवा व लोकजीवन

मुंबईच्या ईशान्येला खाडीकाठी वसलेले उपनगरी महानगर आणि ठाणे जिल्ह्याचे मुख्यालय. लोकसंख्या १८,४१,४८८ (२०११). नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ पासून. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी इथवर आली. आज सकाळी त्याच मार्गाने हजारो ठाणेकर कामाला मुंबई गाठतात. वागळे इस्टेटमधले बरेच कारखाने बंद पडले, घोडबंदर रस्त्यालगत मात्र उंच इमारतींची वस्ती वाढत गेली. नागरी सेवांवरचा आजचा ताण बव्हंशी या वाढीतून आलेला आहे.

शहराची खरी नड पाण्याची. महापालिकेच्या मालकीचे धरण नाही. भातसा नदीवर पिसे येथून पाणी उचलणारी स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण (परिसरातल्या शहरांना पाणी पुरवणारी संस्था), एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येते. त्यामुळे एकाच शहरात पाण्याचे वेळापत्रक भागागणिक निराळे असते. कळवा, मुंब्रा, दिवा हा पट्टा मुख्यतः एमआयडीसीवर अवलंबून आहे. तिकडे दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला की पाणी आल्यावरही दाब पूर्ववत व्हायला आणखी एखादा दिवस लागतो. सोसायटीच्या फलकावर सूचना लागते, आदल्या रात्री बादल्या-पिंपे भरली जातात, वॉचमन जमिनीखालच्या टाकीत किती पाणी उरले ते बघून वरच्या टाकीचा पंप लावतो. तरीही पुरले नाही तर टँकर मागवायचा आणि त्याचा खर्च सभासदांनी वाटून घ्यायचा. करदात्याने पाण्याचे पैसे असे दोनदा भरावेत, हे न्याय्य नाही.

कचऱ्याचा प्रश्नही जुना आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात टाकला गेला आणि त्याचा धूर व दुर्गंधी तिथल्या रहिवाशांनी सोसली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौ. मी. हून मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. परिवहन सेवा (टीएमटी) १९८९ पासून चालते, पण स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग अजून हटलेली नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय पालिकाच चालवते. जिल्ह्यातल्या गरीब रुग्णांना त्याचा फार मोठा आधार आहे.

लोकजीवनाची मुळे मात्र या विस्ताराच्या आधीची. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. जनकवी पी. सावळाराम हे इथले नगराध्यक्ष होते आणि त्यांच्या नावाने पालिका पुरस्कार देते. मासुंदा तलावाकाठी, म्हणजे ठाणेकरांच्या तलावपाळीवर, १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले. पालिकेने स्वतःचे नाट्यगृह बांधून चालवावे, हा शहराने अभिमान बाळगावा असा निर्णय होता. जवळच्या कौपिनेश्वर मंदिरातून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते आणि दिवाळी पहाटेला राम मारुती रस्ता तरुणांनी फुलून जातो. गणेशविसर्जनासाठी पालिका कृत्रिम तलाव बांधते. तळ्यांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात उरलेली तळी गाळापासून वाचवायची, तर हे गरजेचेच होते.

मार्च २०२२ मध्ये पालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार बराच काळ प्रशासकाच्या हाती राहिला. तुंबलेले गटार किंवा बंद पडलेला दिवा घेऊन नगरसेवकाच्या कार्यालयात जाण्याची वाट त्या काळात अरुंद झाली. तक्रारींचा भार प्रभाग समितीच्या कार्यालयांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर आला.