पुण्याहून लक्षद्वीपला स्कूबा डायव्हिंग: परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

लक्षद्वीपला डायव्हिंगला जायचं ठरलं की पहिल्यांदा कोचीच्या विमानाचे दर बघितले जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तिकीट सगळ्यात शेवटी काढा. आधी वैद्यकीय फॉर्म, मग पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, मग प्रवेश परवाना. पहिल्याच पायरीवर अडलात तर निदान विमानाचे पैसे तरी बुडत नाहीत.

परवाना मुळात कशाला, असं बरेच जण विचारतात. लक्षद्वीपच्या ३६ बेटांची जमीन सगळी मिळून साधारण ३२ चौरस किलोमीटर, आणि वस्ती फक्त १० बेटांवर. तिथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांच्या जमिनीवर आणि पाण्यावर ताण येऊ नये म्हणून १९६७ च्या नियमांनी बाहेरून येणाऱ्यांवर, अगदी भारतीय नागरिकांवरही, परवान्याचं बंधन घातलं आहे. मला ते रास्त वाटतं.

डायव्हिंगची पात्रता

वय किमान १० वर्षं पूर्ण हवं. कोणतंही प्रमाणपत्र नसेल तर प्रशिक्षकाच्या सोबतीने अनुभवापुरती डाइव्ह करता येते, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, प्रमाणपत्र असेल तर १८ मीटर. या कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं जमायला हवं. वेळेची अट नाही, दम टिकायला हवा. कोर्सचा अभ्यास आणि तलावातला सराव पुण्यात उरकून समुद्रातल्या चार डाइव्ह बेटावर पूर्ण करता येतात. याला रेफरल म्हणतात. त्याची कागदपत्रं बरोबर न्यायला विसरू नका, आणि तिथलं केंद्र ती स्वीकारतं का हे आधी विचारून घ्या.

वैद्यकीय फॉर्म

यात १० मुख्य प्रश्न असतात. सगळ्यांची उत्तरं 'नाही' असतील तर डॉक्टरांची सही लागत नाही. वय ४५ च्या वर असेल तर धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असे पोटप्रश्न येतात. फुप्फुसं, हृदय, फिट्स, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दलही विचारणा असते.

इथे लोक डोळे मिटून 'नाही' वर खुणा करतात, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. १० मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि कानाच्या पडद्यामागची हवा तो सोसत असते. माझ्या मेव्हण्याच्या कानाच्या पडद्याचं लहानपणी ऑपरेशन झालं होतं. त्याने खरं ते लिहिलं, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेला. त्यांनी पडदा तपासला, दाबाची चाचणी केली आणि मगच सही दिली. यात दोन आठवडे गेले, पण तो निर्धास्त मनाने पाण्यात उतरला. म्हणजे 'हो' लिहिलं की दार बंद झालं असं नाही. सही साधारण वर्षभर चालते. सर्दी असताना मात्र, फॉर्मवर काहीही असो, डाइव्ह करू नका.

पोलिसांचा दाखला

आधी आपली हद्द ओळखा. कोथरूड, हडपसर, कात्रजवाल्यांसाठी पुणे शहर पोलीस आयुक्तालय. वाकड, हिंजवडी, निगडीकरांसाठी २०१८ साली सुरू झालेलं पिंपरी-चिंचवड आयुक्तालय. लोणावळा, बारामती वगैरे भाग पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. हद्द चुकली की अर्ज भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो.

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन क्लिअरन्स सेवेतून होतो. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार हाताशी ठेवा, मूळ गाव परजिल्ह्यात असेल तर दोन्ही पत्ते नीट भरा. पुढे स्थानिक पोलीस ठाण्यातून पडताळणी होते, तिथून बोलावणं आलं तर मूळ कागद घेऊन जा. यासाठी तीन आठवडे राखून ठेवा. आणि एक घोळ टाळा: पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारं पोलीस क्लिअरन्स परदेशातल्या नोकरी-वास्तव्यासाठी असतं. लक्षद्वीपसाठी ते काढायचं नाही.

प्रवेश परवाना

लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर अर्ज करायचा. फोटो, ओळखपत्र, पोलिसांचा दाखला, प्रवासाच्या तारखा, राहण्याची सोय आणि बेटांची नावं द्यावी लागतात. बेटांचा रकाना जपून भरा. विमान अगत्तीला उतरतं, पण डायव्हिंगला कदमत किंवा बंगारामला जायचं असेल तर तीही नावं अर्जात हवीत. प्रशासनाच्या पर्यटन संस्थेच्या पॅकेजमधून गेलात तर परवान्याची व्यवस्था तीच पाहते, कागद तेवढे आपण पुरवायचे.

सर्वांत जास्त अडचण नावाने होते. आपल्याकडे आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, तिकिटावर नसतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, पण पॅन जुन्याच नावाचं. सगळीकडे एकच नाव, एकाच क्रमाने लिहा. परवान्याच्या दोन छापील प्रती ठेवा. बेटावर पोहोचल्यावर तो पोलीस ठाण्यात दाखवावा लागतो.

बरोबर डायव्हिंग प्रमाणपत्राचं कार्ड, लॉगबुक (आधीच्या डाइव्हची नोंदवही) आणि सही झालेला वैद्यकीय फॉर्म न्या. घरच्या मेडिक्लेममध्ये डायव्हिंग धरलेलं असेलच असं नाही. पॉलिसी वाचा, नसेल तर डायव्हर्ससाठीचा वेगळा विमा घ्या.

तारखा ठरवताना

हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. माझी पसंती जानेवारी ते मार्च. एप्रिल-मेमध्ये पाणी फार तापतं. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये याच उष्णतेने इथली प्रवाळं पांढरी पडली. तशा थकलेल्या प्रवाळाला डायव्हरच्या पायातल्या पंखाचा (फिनचा) एक फटकाही जड जातो. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत.

परतीचं तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा. एकच डाइव्ह केली असेल तर १२. शेवटचा दिवस मोकळा ठेवला की हे आपोआप जमतं.

परवान्याची ही खटपट नको म्हणून डायव्हिंगला मालवण गाठणाऱ्यांनाही हा १८ आणि १२ तासांचा नियम लागू पडतो, हे सहसा कोणी सांगत नाही. विमानप्रवासाचे हे तास सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आखलेले आहेत, आणि आंबोली घाट साधारण ७०० मीटरवर आहे. रविवारी दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी गाडी घाटात घालू नका. रात्र मालवणात काढा, सकाळी निघा.