कॅमेरा (शब्द)

युरोपातील बहुतेक भाषांत निरनिराळ्या रूपांनी रुळलेला शब्द. मराठीत तो छायाचित्रे टिपणाऱ्या यंत्रापुरता उरला असला, तरी मूळ अर्थ खोली. ग्रीक ‘कामारा’ म्हणजे कमानीसारखे वळलेले छत. लॅटिनमध्ये त्याचे ‘कामेरा’ झाले आणि पुढे छताचे नाव खालच्या खोलीलाच पडले. फ्रेंच ‘शांब्र’, इंग्रजी ‘चेंबर’, जर्मन ‘कामर’ ही त्याचीच रूपे.

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवले, की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते : झाडाचा शेंडा खाली, माणसाचे पाय वर. अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम याने प्रकाशाच्या या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला होता. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याने १६०४ मध्ये अशा खोलीसाठी ‘कामेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, हे लॅटिन नाव वापरले. पुढे खोलीच्या जागी हातात मावणारी पेटी आली. चित्रकार तिच्यातल्या प्रतिमेवरून रेखाटने करीत. १८३९ मध्ये फ्रेंच चित्रकार लुई दागेर याची प्रकाशचित्रणाची पद्धत जाहीर झाली, पेटीत दृश्य कायमचे उमटू लागले आणि नावातली ‘अंधारी’ हळूहळू गळून पडली.

इटालियनमध्ये ‘कामेरा’ आजही खोलीच. संसदेच्या कनिष्ठ सभागृहालाही हेच नाव आहे. रशियनमध्ये तुरुंगातील कोठडी ‘कामेरा’. एका खोलीत राहणारे सैनिक ते स्पॅनिश ‘कामारादा’; ‘कॉम्रेड’ तिथूनच आला. पोर्तुगीज अमलात गोव्याची नगरसभा ‘सेनादो द कामारा’ म्हणून ओळखली जाई. हिंदीतला ‘कमरा’ही पोर्तुगीजांकडूनच आल्याचे मानले जाते.

मूळ अर्थ आपल्याकडे टिकून आहे तो न्यायालयात. ‘इन कॅमेरा’ सुनावणी म्हणजे बंद खोलीत, त्रयस्थांना बाहेर ठेवून चालणारी सुनावणी. बलात्काराच्या खटल्यांत पीडितेला गर्दीसमोर साक्ष द्यावी लागू नये, म्हणून कायद्याने ही तरतूद केली आहे. मराठी बातम्यांत मात्र ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ असेही छापून येते आणि तिथे चित्रीकरण अभिप्रेत असते. एकाच शब्दप्रयोगाचे हे दोन अर्थ जवळजवळ परस्परविरोधी आहेत. जिथे प्रश्न पीडितेच्या खासगीपणाचा आहे, तिथे हा घोळ परवडणारा नाही. न्यायालयाच्या बातमीत ‘बंद दाराआड’ आणि शवविच्छेदनाच्या बातमीत ‘चित्रीकरणासह’ असे सरळ लिहिणे केव्हाही श्रेयस्कर.