स्पीकर खोलीत कोठे ठेवावेत : खर्जाविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून स्पीकर नेलेले ग्राहक पुष्कळदा सांगतात, की दुकानात नेटका वाजणारा डग्गा घरी नुसता घुमतो, किंवा ऐकूच येत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, पण त्यांचे कारण बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसून खोलीत असते. म्हणून नवा सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर) घेण्याआधी स्पीकरची आणि आपल्या बैठकीची जागा बदलून पाहावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

खर्जाच्या, म्हणजे अगदी खालच्या स्वरांच्या, ध्वनिलहरी लांब असतात. काळी 1 ला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर सुमारे 69 हर्ट्झ असतो आणि हवेत त्याची लहर जवळजवळ 5 मीटर भरते, म्हणजे आपल्या अनेक खोल्यांहून लांब. ज्या स्वराची अर्धी लहर समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराएवढी असते, तो भिंतींजवळ फुगतो आणि मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. 14 फूट लांबीत हा स्वर सुमारे 40 हर्ट्झचा असतो, 10 फुटांत 56 हर्ट्झचा. इंदुरातील एखाद्या जुन्या घरात 10 बाय 10 ची खोली आणि छतही 10 फुटांवर असेल, तर तिन्ही दिशांचा फुगवटा एकाच स्वरावर येतो. अशी खोली सर्वांत अवघड, आणि तेथे नेमके मध्यभागी बसणे टाळावेच. विटांच्या प्लास्टर केलेल्या भिंती आणि कोटा फरशी खर्ज फारच थोडा शोषून घेतात. भिंतीला चिकटवलेल्या पातळ फोमचा उपयोग वरच्या स्वरांपुरताच होतो.

स्पीकरजवळची प्रत्येक मोठी सपाटी, मग ती भिंत असो वा जमीन, खर्ज 6 डेसिबलपर्यंत वाढवू शकते. कोपऱ्यात अशा तीन सपाट्या एकत्र येतात. आवाज भारदस्त होतो, पण शब्द आणि बोल गढूळ होतात. उलट स्पीकर मागच्या भिंतीपासून 85 सेंटिमीटरवर असेल, तर परतणारी लहर 100 हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला छेद देते आणि नेमका तोच भाग पोकळ वाटतो. त्यामुळे स्पीकर भिंतीपासून साधारण 20 सेंटिमीटरच्या आत ठेवणे पुष्कळदा सोयीचे ठरते. मात्र स्पीकरच्या पेटीच्या पाठीमागे हवेचे भोक असल्यास ते बुजू देऊ नये. मागची आणि बाजूची भिंत सारख्याच अंतरावर नसावी, हेही पाहावे.

सबवूफरची जागा शोधण्यासाठी तो तात्पुरता आपल्या नेहमीच्या आसनावर ठेवावा, ओळखीची तबल्याची साथ लावावी आणि भिंतीकडेने वाकून, कान जमिनीजवळ नेऊन ऐकत फिरावे. जेथे प्रत्येक ठोका सारखा आणि सुटा ऐकू येईल, तेथे सबवूफर ठेवावा. शक्य झाल्यास दुकानात येताना खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि दारे-खिडक्यांच्या जागा कागदावर मांडून आणाव्यात. त्यावरून पहिली जागा आम्ही सुचवू.