थायलंडचा व्हिसामुक्त प्रवेश : पंधरा, तीस आणि साठ दिवसांचा घोळ

‘चार रात्री, पाच दिवस’वाल्या ठाणेकर पर्यटकाला थायलंडचा व्हिसाचा नियम बदलला काय आणि न बदलला काय, फारसा फरक पडत नाही. मुभा पंधरा दिवसांची असो वा साठ दिवसांची, त्याची पट्टाया-फुकेतची सहल तीत आरामात बसते. घोळ होतो तो लांबचा मुक्काम ठोकणाऱ्यांचा. नातवाला सांभाळायला बँकॉकला जाणारी पाचपाखाडी-वर्तकनगरची निवृत्त जोडपी किंवा लॅपटॉपवर इथल्याच कंपनीचे काम करीत चिआंग माईला दोन-तीन महिने काढणारे घोडबंदर रस्त्यावरचे तरुण, हे त्यातले नेहमीचे लोक. नौपाड्यात एखाद्या ट्रॅव्हल एजंटच्या टेबलाशी दहा मिनिटे बसले, तरी ‘साठ दिवस अजून चालू आहेत का?’, ‘ते अकरा नोव्हेंबरला बंद झाले ना?’, ‘मध्ये एकदा मलेशियाला जाऊन आले की पुन्हा साठ मिळतात म्हणे’, अशी वाक्ये कानावर पडतात. यांतले प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या वेळच्या खऱ्या नियमातून किंवा खऱ्या प्रघातातून आलेले आहे. निव्वळ अफवा असती तर खोडून काढता आली असती. शिळ्या सत्याचे तसे करता येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी थायलंडचा १९७९ चा इमिग्रेशन कायदा आहे, त्यांच्या बौद्ध कालगणनेनुसार २५२२ चा. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला एका प्रवेशावर फार तर ९० दिवस राहू द्यावे, अशी त्याची चौकट आहे. जवळ खर्चापुरते पैसे नसतील किंवा पर्यटनाच्या नावाखाली माणूस कामासाठी आला असेल, तर त्याला विमानतळावरूनच परत पाठवण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम १२ ने अधिकाऱ्यांना दिला आहे. व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे ठरावीक देशांच्या नागरिकांना आगाऊ व्हिसा घेण्यातून दिलेली सूट, एवढाच त्याचा अर्थ. ती सूट गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेने मिळते आणि अधिसूचनेनेच काढून घेता येते. कलम १२ मात्र त्या सुटीमुळे गळून पडत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या जाहिरातींत कधीच येत नाही.

शिवाय निर्णय घेणारी तोंडे अनेक आहेत. दूतावासांतून व्हिसा देते ते परराष्ट्र मंत्रालय, सूट जाहीर करते ते गृह मंत्रालय, शिक्का मारतात ते राष्ट्रीय पोलिसांच्या अखत्यारीतील इमिग्रेशन ब्यूरोचे अधिकारी आणि पर्यटकांची संख्या वाढावी म्हणून सर्वांच्या मागे लागते ते पर्यटन मंत्रालय. पर्यटनवाल्यांना दार उघडे हवे असते, तर पोलिसांना ते किलकिले ठेवायचे असते. गेल्या वीस वर्षांतील नियमांची धरसोड या ओढाताणीतून पाहिली की बरीचशी उलगडते.

व्हिसामुक्त प्रवेशाचा लाभ पूर्वी मुख्यतः युरोप-अमेरिकेतील आणि आशियातील काही देशांच्या नागरिकांना होता. तीस दिवस संपत आले की सीमा ओलांडायची, पलीकडचा शिक्का घेऊन तासाभरात परत यायचे आणि नवे तीस दिवस पदरात पाडून घ्यायचे, असा प्रघात तिथे पडला. त्याला ‘व्हिसा रन’ म्हणतात. कंबोडियाचे पोइपेत आणि म्यानमारचे ताचिलेक ही गावे त्यासाठी ओळखीची झाली. ऑक्टोबर २००६ मध्ये सरकारने व्हिसामुक्त मुक्कामावर सहा महिन्यांत एकूण ९० दिवसांची मर्यादा घातली. २००८ च्या अखेरीस ती काढून त्याऐवजी जमिनीवरून येणाऱ्यांची मुदत १५ दिवसांवर आणली. मे २०१४ मध्ये, लष्कराने सत्ता घेतली त्या सुमारास, पाठोपाठच्या प्रवेशांविरुद्ध मोहीम उघडली गेली. त्याच वर्षी, जणू तोल सांभाळण्यासाठी, इमिग्रेशन कार्यालयात जाऊन तीस दिवसांची मुदतवाढ घेण्याची सोय झाली. २०१६ च्या शेवटच्या दिवशी आणखी एक पालट झाला : जमिनीवरूनही ३० दिवस, पण एका कॅलेंडर वर्षात दोनदाच. ‘वर्षातून दोनदाच चालते’ हे ठाण्यात आजही ऐकू येणारे वाक्य बहुधा तिथूनच निघाले असावे. विमानाने येणाऱ्यांना ती अट तेव्हा लागू नव्हती.

या बाबतीत थायलंडला हसण्याचे कारण नाही. २००९ च्या अखेरीस भारतानेही पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर ठेवण्याची अट घातली होती. नेपाळ-श्रीलंकेला जाऊन परत येणाऱ्या पर्यटकांचे तीत हाल झाले आणि २०१२ च्या डिसेंबरात बहुतेक देशांसाठी ती उठवली गेली.

भारतीयांची गोष्ट या काळात वेगळी होती. आपल्याला मिळत असे तो ‘व्हिसा ऑन अरायव्हल’, म्हणजे सुवर्णभूमी विमानतळावर उतरून, रांगेत उभे राहून, फोटो आणि परतीचे तिकीट दाखवून, माणशी दहा हजार बाथ जवळ असल्याची खात्री पटवून मिळणारे १५ दिवस. त्याचे शुल्क २०१६ मध्ये हजारावरून दोन हजार बाथ झाले, मग मोसम पाहून कमी झाले आणि २०१८ च्या अखेरीपासून काही काळ माफही झाले. शुल्क माफ झाले म्हणजे व्हिसा माफ झाला, अशी समजूत तेव्हाच रुजली. कोरोनाच्या साथीत तर सगळेच बंद होते.

खरी धांदल साथीनंतरची आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून पर्यटन सावरण्यासाठी ऑन अरायव्हलची मुदत ३० दिवस झाली. ३१ मार्च २०२३ ला ती योजना संपली आणि आपण पुन्हा १५ दिवसांवर आलो. चिनी पर्यटक अपेक्षेइतके परतेनात, तेव्हा सरकारची नजर भारताकडे वळली आणि १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश मिळाला. त्याची मुदत १० मे २०२४ पर्यंत होती, ती वाढवून ११ नोव्हेंबर २०२४ केली गेली. ती तारीख उजाडण्याआधीच, १५ जुलै २०२४ पासून, ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवसांची मुभा मिळाली आणि त्यांत भारतही होता. दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आत भारतीय माणसाची मुदत चार वेळा बदलली : पंधराची तीस, तिसाची पंधरा, पंधराची पुन्हा तीस आणि तिसाची साठ.

यात दोन ठिकाणी लोक हमखास अडखळले. थायलंडच्या मंत्रिमंडळाने ६० दिवसांना मंजुरी दिली ती २८ मे २०२४ रोजी, आणि आपल्याकडे बातमी पसरली की १ जूनपासून नियम लागू. प्रत्यक्षात राजपत्रात अधिसूचना यायला जुलै उजाडला. मधल्या दीड महिन्यात साठ दिवसांचा बेत आखून गेलेल्यांच्या पासपोर्टवर तीस दिवसांचाच शिक्का पडला. दुसरी ठेच ११ नोव्हेंबरची. जुन्या तीस दिवसांच्या योजनेची ही शेवटची तारीख नव्या साठ दिवसांच्या योजनेला चिकटवली गेली. मग ती तारीख उलटूनही प्रवेश मिळतो हे दिसल्यावर ‘थायलंडने भारतीयांसाठी मुदत बेमुदत वाढवली’ अशा बातम्या आल्या. वाढवले काहीच नव्हते. जुनी योजना नव्या योजनेच्या पोटात गेली होती, इतकेच.

मोजणीचा घोळ तर नियम स्थिर असतानाही होतो. माझ्या माहितीतील पाचपाखाडीचे एक काका-काकू १ डिसेंबर २०२४ रोजी बँकॉकला उतरले. साठ दिवस म्हणजे दोन महिने, असे धरून त्यांनी परतीचे तिकीट ३१ जानेवारीचे काढले होते. पासपोर्टवरच्या शिक्क्यात मात्र ‘या तारखेपर्यंत प्रवेश’ या ओळीपुढे २९ जानेवारी होती, कारण उतरल्याचा दिवस हा पहिला दिवस धरला जातो. मुदत ओलांडली तर दर दिवसाला पाचशे बाथ, कमाल वीस हजार बाथ दंड होतो. दोघांचे दोन-दोन दिवस म्हणजे रक्कम मोठी नव्हती. पण दंड भरून सुटणे वेगळे आणि पासपोर्टवर तशी नोंद घेऊन पुढच्या वर्षी नातवाकडे जाणे वेगळे. मुलीने शिक्का वेळेत पाहिला म्हणून ते चेंग वत्तनाच्या इमिग्रेशन कार्यालयात गेले. तिथे मुदतवाढीच्या अर्जाबरोबर घरमालकाने दिलेल्या नोंदीची पावती मागितली गेली. परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकाने २४ तासांत कळवावे, असे त्याच कायद्याचे कलम ३८ सांगते, आणि मुलीच्या घरमालकाने ते केलेले नव्हते. दुसरी खेप झाली, माणशी १९०० बाथ भरले आणि २८ फेब्रुवारीचा शिक्का मिळाला. साठ आणि तीस मिळून नव्वद; १९७९ च्या कायद्याची चौकट ती हीच.

साठ दिवसांच्या योजनेबरोबरच १५ जुलै २०२४ ला ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ही सुरू झाला. पाच लाख बाथची शिल्लक दाखवणाऱ्या, परदेशी कंपनीचे काम दूरस्थपणे करणाऱ्या लोकांना त्यावर पाच वर्षांत दर खेपेला १८० दिवस राहता येते. घोडबंदरच्या लॅपटॉपवाल्यांसाठी खरे दार ते आहे. पण त्याला दहा हजार बाथ शुल्क आणि कागदपत्रे लागतात, त्यामुळे अनेक जण फुकटच्या साठ दिवसांनाच साखळी करून वापरत राहिले.

पोलिसांना खुपली ती हीच साखळी. मार्च २०२५ मध्ये पर्यटनमंत्र्यांनी साठचे पुन्हा तीस करण्यावर तत्त्वतः एकमत झाल्याचे सांगितले. बेकायदा कामधंदा आणि सदनिका भाड्याने देण्याचे गैरप्रकार ही कारणे दिली गेली. ‘तत्त्वतः’ हा शब्द आपल्याकडे येईपर्यंत गळून पडला आणि नियम बदललाच, असे समजून काहींनी तिकिटे फिरवली. १ मे २०२५ पासून उतरण्याआधी भरायचे डिजिटल आगमनपत्र सक्तीचे झाले. त्याचा दिवसांच्या संख्येशी संबंध नाही, तरी ‘आता व्हिसा लागतो’ अशी भर पडलीच. जूनमध्ये कंबोडियाशी तणाव वाढल्यावर सीमानाकी बंद झाली आणि पोइपेतचा मार्ग संपला. नोव्हेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन ब्यूरोने सांगितले की सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा अधिक व्हिसा रन करणाऱ्यांना प्रवेश नाकारला जाईल. दिवसांची संख्या तीच राहिली, पण ‘मलेशियाला जाऊन आले की पुन्हा साठ’ हे गणित त्या दिवशी मोडले.

पाचपाखाडीच्या काकूंनी पुढच्या खेपेचे बोलणे त्याच महिन्यात सुरू केले. एजंटाने साठ दिवसांचे तिकीट सुचवले, तेव्हा त्यांनी पर्समधून जुना पासपोर्ट काढून शिक्क्यावर बोट ठेवले आणि पंचावन्नाव्या दिवसाचे, तारीख बदलता येईल असे तिकीट मागितले.