होम रन: तरुण फटकेबाज आणि सर्वकालीन क्रमवारी

बेसबॉलमध्ये बॅटरने मारलेला चेंडू मैदानाची हद्द ठरवणाऱ्या दोन्ही फाउल रेषांच्या मधून थेट कुंपणापलीकडे गेला की होम रन होतो. क्रिकेटच्या षटकाराशी त्याचे नाते उघड असले तरी तो षटकारापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यांत ४० होम रन मारणारा खेळाडू अव्वल फटकेबाजांत गणला जातो. कारकिर्दीतल्या एकूण होम रनच्या यादीत बॅरी बाँड्स (७६२), हँक अ‍ॅरन (७५५), बेब रूथ (७१४) आणि अल्बर्ट पुहोल्स (७०३) हे चौघेच सातशेच्या पुढे आहेत. त्यांच्यामागे अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ (६९६) आणि विली मेज (६६०) येतात.

एखादा विशीतला खेळाडू धडाक्याने होम रन मारू लागला की तो या यादीत कुठवर जाईल, याचे हिशेब लगेच सुरू होतात. तुलनेसाठी ‘हंगामाचे वय’ धरतात, म्हणजे ३० जून रोजी खेळाडूचे जे वय असेल ते. त्या मोजमापाने २४ व्या वर्षाअखेर एडी मॅथ्यूजचे १९० होम रन झाले होते, रॉड्रिगेझचे १८९, जिमी फॉक्सचे १७४ आणि केन ग्रिफी ज्युनियरचे १७२. त्याच वयात अ‍ॅरन १४० वर होता, बाँड्स ८४ वर आणि रूथ अवघ्या ४९ वर. अंतिम यादीतले पहिले तिघे या वयात बरेच मागे होते, ही गोष्ट भाकिते करणारे सहसा विसरतात.

रूथचे कारण सरळ आहे. बॉस्टन रेड सॉक्सकडे तो आधी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता; बॅटिंगला रोज उतरत नसे. १९१९ मध्ये त्याने २९ होम रन मारले, तोच तेव्हा विक्रम ठरला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजकडे गेल्यावर त्याने ५४ मारले.

मॅथ्यूज आणि अ‍ॅरन यांची जोडी अधिक बोलकी आहे, कारण दोघे १९५४ ते १९६६ अशी तेरा वर्षे ब्रेव्ह्ज या एकाच संघात खेळले. मॅथ्यूज वयाने दोन वर्षांनी मोठा. १९५३ मध्ये, एकविशीतच, त्याने ४७ होम रन मारले आणि तिथून सलग नऊ हंगाम तो तीस होम रनच्या खाली आला नाही. १९६१ अखेर तो ३७० वर होता आणि अ‍ॅरन २५३ वर. तेव्हा कोणी पैज लावली असती तर ती बहुधा मॅथ्यूजवरच. पण १९६२ मध्ये खांदा दुखावला, त्यानंतर एकाच हंगामात तीस होम रन पार झाले आणि १९६८ मध्ये तो ५१२ वर थांबला. अ‍ॅरनने एकाही हंगामात ५० होम रन मारले नाहीत. मात्र तीस किंवा जास्त होम रनचे हंगाम त्याने पंधरा वेळा काढले. ४७ हा त्याचा सर्वोच्च आकडा आला १९७१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात त्याने ७१५ वा होम रन मारून रूथला मागे टाकले, तेव्हा ब्रेव्ह्जचा व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होता एडी मॅथ्यूज. गोऱ्या रूथचा विक्रम कृष्णवर्णीय खेळाडू मोडतो आहे म्हणून त्याआधी अ‍ॅरनला धमक्यांची पत्रे येत होती.

काहींची वाट मात्र फार लवकर अडली. बॉस्टनच्या टोनी कोनिग्लियारोने १९६५ मध्ये, विसाव्या वर्षी, ३२ होम रन मारून अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) पहिला क्रमांक मिळवला आणि बाविसाव्या वर्षी शंभरी गाठली. १८ ऑगस्ट १९६७ रोजी पिचरचा चेंडू त्याच्या डाव्या गालफडावर आदळला आणि डोळ्याला इजा झाली. १९६८ चा पूर्ण हंगाम गेला. परतल्यावर १९७० मध्ये ३६ होम रन मारले खरे, पण एकूण संख्या १६६ च्या पुढे गेली नाही.

रॉड्रिगेझ हा तरुणपणीच्या आघाडीचे सोने करणारा फटकेबाज. ४ ऑगस्ट २००७ रोजी तो वयाच्या ३२ वर्षे ८ दिवसांत ५०० वर पोहोचला आणि फॉक्सचा सदुसष्ट वर्षे टिकलेला विक्रम मोडला. पुढे त्याने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली आणि २०१४ चा अख्खा हंगाम त्याला बंदीमुळे बाहेर बसावे लागले. बाँड्सचा २००१ चा ७३ होम रनचा हंगामही, वय छत्तीस असताना आलेला, उत्तेजकांच्या संशयाखाली आहे. म्हणून आकड्यांनी ठरलेली क्रमवारी आणि चाहत्यांच्या मनातली क्रमवारी आज एक नाही.

अंदाज बांधण्याची प्रसिद्ध रीत विश्लेषक बिल जेम्स यांची. मागच्या तीन हंगामांचे आकडे घ्यायचे, ताज्याला तिप्पट, त्याआधीच्याला दुप्पट वजन देऊन बेरजेला सहाने भागायचे, की सध्याची वार्षिक सरासरी मिळते. वयाची ०.६ पट २४ मधून वजा केली की कारकिर्दीची उरलेली वर्षे. या दोहोंचा गुणाकार म्हणजे अपेक्षित होम रन. त्याला लक्ष्यासाठी उरलेल्या संख्येने भागून ०.५ वजा केले की शक्यता निघते.

न्यूयॉर्क मेट्सचा हुआन सोतो २४ व्या वर्षाअखेर १६० वर होता, म्हणजे नेमका पुहोल्सइतका. २०२३ ते २०२५ या हंगामांत त्याने अनुक्रमे ३५, ४१ आणि ४३ होम रन मारून एकूण २४४ केले. सरासरी येते ४१, वय २६ धरून उरलेली वर्षे ८.४, अपेक्षित होम रन सुमारे ३४४. यावरून पाचशेची शक्यता ८५ टक्क्यांच्या आसपास, सहाशेची ४७ आणि बाँड्सला मागे टाकण्याची १६. सूत्र त्याला साडेआठ वर्षेही देत नाही. मेट्सने मात्र २०३९ पर्यंतचा करार केला आहे, आणि त्या शेवटच्या हंगामात सोतो चाळीस वर्षांचा असेल.