कॉर्डलेस स्टिक व्हॅक्युम क्लीनर: व्ही ८ घ्यावा की व्ही १५?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरासाठी कॉर्डलेस व्हॅक्युम क्लीनर घ्यायला आलेले ग्राहक आम्हाला बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात तो हा, की यातला जास्त जोरात खेचणारा कोणता. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावरून खरेदी केली तर पुढे पस्तावण्याची वेळ येऊ शकते, असे विक्री आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे करताना आमच्या लक्षात आले आहे. म्हणून डायसन कंपनीच्या व्ही ८ आणि व्ही १५ डिटेक्ट या दोन यंत्रांची तुलना या पत्रकात थोडी सविस्तर केली आहे. व्ही ८ हे यंत्र २०१६ साली बाजारात आले आणि व्ही १५ डिटेक्ट २०२१ साली. व्ही ८ मध्ये पुढे काही बदल होत गेले असल्याने, येथे आम्ही ११५ एअरवॉटची मूळ आवृत्ती गृहीत धरली आहे, हे कृपया ध्यानात ठेवावे.

सक्शनचा आकडा कसा वाचावा

जाहिरातींत कधी पास्कल हे एकक दिलेले असते, तर कधी एअरवॉट. नळीचे तोंड तळहाताने पूर्ण बंद केले की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जितका कमी होतो, तो फरक पास्कलमध्ये मोजतात. पण त्या क्षणी नळीतून हवा वाहतच नसते, आणि हवाच वाहत नसेल तर धूळ उचलून नेणार कोण? उलट, तोंड सताड उघडे ठेवले तर हवा भरपूर वाहते, परंतु तिच्यात खेच उरत नाही. प्रत्यक्ष सफाई या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चाललेली असते. एअरवॉट म्हणजे दाबातील फरक आणि दर सेकंदाला वाहणारी हवा यांचा गुणाकार, त्यामुळे तो आकडा अधिक विश्वासाचा मानावा. एका यंत्राचे पास्कल आणि दुसऱ्याचे एअरवॉट शेजारी मांडून तुलना मात्र कधीही करू नये.

व्ही ८ ची कमाल ताकद ११५ एअरवॉट आहे, तर व्ही १५ ची आवृत्तीनुसार २३० ते २४० एअरवॉट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. येथे एक खुबी आहे. हे दोन्ही आकडे सर्वांत जोरदार मोडमधले आहेत, आणि त्या मोडमध्ये व्ही ८ ची बॅटरी साधारण सात मिनिटांत, तर व्ही १५ ची दहा मिनिटांच्या आतबाहेर संपते. तेवढ्या वेळात एखादी खोली होईल, संपूर्ण घर होणार नाही. रोजची सफाई खालच्या मोडमध्येच होते आणि गुळगुळीत फरशीवर त्या मोडची ताकद दोन्ही यंत्रांत पुरेशी असते, कारण तेथे धूळ नुसती पडलेली असते, कशात रुतलेली नसते. जाड गालिच्याची गोष्ट वेगळी. त्याच्या तंतूंच्या मुळाशी बसलेली बारीक वाळू उपसून काढायची असेल, तर व्ही १५ ची जास्तीची ताकद खरोखर उपयोगी पडते, आणि तो फरक डब्यात जमलेल्या मातीवरून लगेच कळतो.

दोन्ही यंत्रे धूळ हवेपासून वेगळी करतात ती भोवऱ्याच्या तत्त्वाने. लहान शंकूंमध्ये हवा वेगाने फिरवली की जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात आणि खाली डब्यात जमतात. असे शंकू व्ही ८ मध्ये १५ आहेत आणि नव्या व्ही १५ मध्ये १४. यावरून नुसत्या संख्येला किती महत्त्व द्यायचे, ते ग्राहकांनीच ठरवावे. खरा बदल रचनेत आहे. व्ही ८ मध्ये डबा आणि मोटर नळीच्या रेषेत नसल्यामुळे आत येणाऱ्या हवेला वळण घ्यावे लागते. २०१८ च्या व्ही १० पासून नळी, डबा, शंकू आणि मोटर एका सरळ रेषेत आले, आणि व्ही १५ मध्येही तीच मांडणी आहे.

हिरवा उजेड आणि पडद्यावरचे आकडे

सकाळी खिडकीतून कवडसा आत आला की एरवी स्वच्छ वाटणाऱ्या फरशीवरची धूळ अचानक दिसू लागते, हा अनुभव सर्वांना आहे. व्ही १५ च्या मऊ रोलरच्या हेडवर (नळीच्या टोकाला लावायच्या, फरशीवरून फिरणाऱ्या भागावर) बसवलेला हिरवा लेसर नेमके हेच करतो. तो फरशीपासून अवघ्या ७.३ मिलिमीटर उंचीवरून, जवळपास आडवा, फक्त दीड अंशाच्या कोनात प्रकाश टाकतो, त्यामुळे प्रत्येक कण उजळतो आणि त्याची लांब सावली पडते. प्रथम चालवून पाहणारे ग्राहक बहुधा हसतात आणि मग थोडे ओशाळतात, इतकी धूळ पलंगाखाली निघते. ही सोय कठीण फरशीपुरतीच आहे. गालिच्यावर तिचा उपयोग नाही, आणि भर उन्हाने उजळलेल्या खोलीत ती फिकी पडते. प्रकाशाच्या उगमाकडे थेट पाहू नये आणि हे हेड लहान मुलांच्या हाती देऊ नये.

दुसरी सोय म्हणजे कण मोजणारा संवेदक. आत येणारे कण त्यावर आदळतात आणि त्या सूक्ष्म धक्क्यांचे रूपांतर विद्युत् संकेतांत होते. मागच्या लहान पडद्यावर १०, ६०, १८० आणि ५०० मायक्रॉनपेक्षा मोठे कण वेगवेगळ्या पट्ट्यांनी दाखवले जातात. तुलनेसाठी सांगायचे तर माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ७० मायक्रॉन असते. ऑटो मोडमध्ये धूळ वाढली की यंत्र स्वतःच जोर वाढवते आणि धूळ ओसरली की कमी करते. आमच्या मते पट्ट्या पाहण्याची गंमत पंधरा दिवसांत ओसरते, पण एक गोष्ट कायम उपयोगी राहते: एकाच जागेवरून दुसऱ्यांदा हेड फिरवल्यावर पट्ट्या वाढायच्या थांबल्या, की तेथून पुढे सरकायला हरकत नाही. त्याच पडद्यावर बॅटरीचा उरलेला वेळ मिनिटे आणि सेकंदांत दिसतो. व्ही ८ मध्ये मात्र दिव्यांवरून अंदाज बांधावा लागतो.

वजन

या मुद्द्याला ग्राहक सर्वांत कमी वेळ देतात, आणि तक्रारी सर्वांत जास्त याच मुद्द्यावर येतात. व्ही ८ चे वजन सुमारे अडीच किलो आहे, व्ही १५ चे सुमारे ३.१ किलो. सहाशे ग्रॅमचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु या प्रकारच्या यंत्रात मोटर, बॅटरी आणि डबा हे सगळे वर, मुठीजवळ असते. फरशीवर चालवताना बराचसा भार हेड पेलते, पण कपाटावरची धूळ किंवा छताजवळची जळमटे काढायला यंत्र वर उचलले की सगळे वजन मनगटावर येते. शिवाय या दोन्ही यंत्रांत खटका सतत दाबून धरावा लागतो. तो सोडला की यंत्र बंद. यामुळे बॅटरी वाचते हे खरे, पण सांधेदुखी असलेल्या व्यक्तीला वीस मिनिटे बोट दाबून ठेवणे त्रासदायक होते.

म्हणून दुकानात यंत्र नुसते हातात तोलून पाहू नये. नळी लावून, हात खांद्याच्या वर नेऊन, खटका दाबून, सलग दोन मिनिटे चालवून पाहावे, आणि घरात जी व्यक्ती प्रत्यक्ष सफाई करणार आहे तिनेच ते करावे. खरेदीला एक जण येतो आणि यंत्र चालवायचे दुसऱ्याला असते, असे आम्ही अनेकदा पाहतो.

बॅटरी आणि डबा

व्ही ८ एका चार्जिंगवर ४० मिनिटांपर्यंत चालतो आणि व्ही १५ ६० मिनिटांपर्यंत, परंतु हे आकडे सर्वांत सौम्य मोडमधले आणि मोटर नसलेले साधन लावले असतानाचे आहेत. फिरता रोलर असलेले हेड लावले की त्याची मोटरही त्याच बॅटरीवर चालते, म्हणून वेळ घटतो. पूर्ण चार्जिंगला व्ही ८ ला सुमारे पाच तास आणि व्ही १५ ला सुमारे साडेचार तास लागतात, म्हणजे मध्येच बॅटरी संपली तर उरलेले काम त्या दिवशी बहुधा तसेच राहते. व्ही १५ ची बॅटरी बटण दाबून निघते, त्यामुळे जास्तीची बॅटरी घेऊन वेळ दुप्पट करता येतो. आम्ही येथे धरलेल्या व्ही ८ मध्ये बॅटरी स्क्रूने बसवलेली असते. ती बदलता येते, पण सफाई चालू असताना नाही.

व्ही ८ चा डबा ०.५४ लिटरचा आहे, व्ही १५ चा सुमारे पाऊण लिटरचा. घरात पाळीव प्राणी असेल तर हा फरक जाणवतो, कारण केसांचे वजन नगण्य असले तरी ते डबा लगेच भरून टाकतात. व्ही १५ चा डबा नळी काढूनच रिकामा करावा लागतो. डबा कोणत्याही यंत्राचा असो, तो उंचावरून कचरापेटीत उघडला की बारीक धूळ पुन्हा हवेत उडते. डब्याचे तोंड पिशवीत खोलवर घालून, पिशवी हाताने आवळून मग तो उघडावा. धुळीची ॲलर्जी असलेल्या घरात हे काम शक्यतो त्रास नसलेल्या व्यक्तीने करावे.

केस आणि रोलर

लांब केस रोलरभोवती गुंडाळले जाणे ही कात्री घेऊन बसायला लावणारी जुनी डोकेदुखी आहे. व्ही १५ च्या गालिच्यासाठीच्या हेडमध्ये फणीसारखे दाते आहेत, जे गुंडाळलेले केस सोडवत राहतात. त्याच्यासोबत येणाऱ्या लहान हेडचा ब्रश शंकूच्या आकाराचा असल्याने केस रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे सरकत जाऊन थेट डब्यात पोचतात. सोफा आणि गादीसाठी हे साधन फार कामाचे आहे. कोणत्या संचात कोणती हेड आहेत हे दोन्ही यंत्रांच्या बाबतीत बदलते, तेव्हा पैसे देण्यापूर्वी खोक्यावरील यादी वाचून घ्यावी. घरात बहुतेक गुळगुळीत फरशी असेल आणि संचात मऊ रोलरचे हेड नसेल, तर व्ही १५ घेऊनही मनासारखी सफाई होणार नाही.

आमचा सल्ला

दोन-तीन खोल्यांचे घर, गालिचे नाहीत किंवा पातळ आहेत, आणि रोज दहा-पंधरा मिनिटे यंत्र फिरवायचे आहे, अशा ग्राहकांनी व्ही ८ घ्यावा. तो हलका आहे, रचनेने साधा आहे आणि त्या कामाला पुरून उरतो. ज्येष्ठ व्यक्ती सफाई करणार असतील तर घर मोठे असले तरी आम्ही व्ही ८ कडेच झुकतो, कारण जड यंत्र दोन महिन्यांत कोपऱ्यात उभे राहते. जाड गालिचे, केस गळणारे प्राणी, किंवा एका दमात सगळे घर स्वच्छ करण्याची सवय असेल, तर व्ही १५ चा विचार करावा. केवळ लेसरसाठी त्याची निवड करू नये. लादी पुसण्याचे काम यांपैकी एकही यंत्र करत नाही. ओला कचरा किंवा पाणी यांनी ओढायचे नाही, आणि प्लास्टरची भुकटी किंवा राख यांसारखी अतिबारीक धूळही ओढू नये, कारण ती फिल्टर पार बुजवून टाकते.

घेतल्यानंतर

महिन्यातून एकदा फिल्टर थंड पाण्याने, साबण न लावता धुवावा. व्ही ८ मध्ये मोटरच्या आधीचा लांबट फिल्टर वरून निघतो आणि नंतरचा फिल्टर मागून, ही दुसऱ्या फिल्टरची गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. व्ही १५ मध्ये मागे एकच एकत्रित फिल्टर आहे. धुतलेला फिल्टर किमान २४ तास पूर्ण वाळू द्यावा. वरून कोरडा लागणारा फिल्टर घड्यांच्या आत ओला असू शकतो, म्हणून बोटाने दाबून पाहावे.

यंत्र एक क्षण चालते, एक क्षण थांबते, पुन्हा चालते, असे होऊ लागले तर मोटर गेली असा समज करून घेऊ नये. बहुतेक वेळा हवेची वाट कुठेतरी अडलेली असते आणि मोटर तापू नये म्हणून यंत्र स्वतःला थांबवत असते. "मोटर जळली" म्हणून आमच्याकडे आलेल्या एका यंत्राच्या नळीतून लहान मुलाचा मोजा निघाला होता, आणि त्याच्या मागे बोटभर लांबीची, नमद्यासारखी घट्ट झालेली केसांची गुंडाळी होती. नळी, हेडची मान आणि डब्याचे तोंड हे तीन भाग वेगळे करून उजेडाकडे धरून पाहिले की अडथळा बहुधा घरीच सापडतो. तपासण्यापूर्वी यंत्र चार्जरवरून काढून ठेवावे आणि खटक्याला हात लावू नये.

दोन्ही यंत्रे भिंतीवरील डॉकवर कायम अडकवून ठेवली तरी चालतात. मात्र डॉक उन्हाच्या झोताजवळ किंवा कडाक्याची थंडी पडणाऱ्या उघड्या गच्चीत बसवू नये, कारण लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेने झीज लागते आणि गोठणबिंदूखाली चार्जिंग केल्यास तिची कायमची हानी होते. वापरागणिक तिची क्षमता हळूहळू घटत जाणे हा दोष नव्हे, पण बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा चार्जिंग चालू नसतानाही गरम लागत असेल, तर ती पुन्हा चार्ज करू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये आणि स्वतः उघडू नये. ती यंत्रासह तशीच आमच्याकडे आणून द्यावी.