कोच सर मैदानावर येण्याआधी काय शिकून आलेत?

पालकहो आणि कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनो, नमस्कार.

गंगापूर रोड परिसरात आम्ही कॉलेजच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो, काही कॉलेजांच्या संघांना कोचही देतो. चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर स्वतः कुठवर खेळलेत?" प्रश्न रास्त आहे, फक्त तेवढ्यावर थांबू नका.

आमचे मुख्य कोच विद्यापीठाच्या संघात मिडफिल्डला खेळले. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि खेळणं सुटलं. पोरगा दमलाय म्हणून पास चुकतोय की लक्ष नाही म्हणून, हे त्यांना लांबूनच कळतं. ती नजर खेळूनच येते. पण ज्याच्या पायाशी चेंडू आपसूक थांबतो, त्याला न थांबणाऱ्याची अडचण दिसेलच असं नाही.

ते दिसायला शिकवण्याचं शिक्षण लागतं. सरांनी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं, काही वर्षं शाळेत शिकवलं, मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं डी लायसन्स घेतलं. (त्यापुढे सी, बी, ए अशा पायऱ्या असतात.) आमच्या मते हीच बाजू सगळ्यात मोलाची. डिसेंबरच्या थंडीत एका मुलीच्या पायावर चेंडू आपटून दरवेळी दोन हात पुढे निसटत होता. सर म्हणाले, "वरून टाकलेली कैरी झेलताना हात खाली घेतेस ना? पाय तसाच मागे ने." पाऊण तास दोघांनी तेवढंच केलं. शेवटी चेंडू बुटाला चिकटल्यासारखा थांबला, तेव्हा तिचं तिलाच हसू आलं.

तिसरी बाजू क्रीडा मानसशास्त्राची. सरांनी मानसशास्त्रात एम.ए. केलंय. हे नवं फॅड नव्हे. सायकलपटू एकट्यापेक्षा शर्यतीत वेगाने का जातात, यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 1898 मध्येच लिहिलं होतं. फुटबॉलमधला पुरावा तर फारच बोलका आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 286 पेनल्टी (समोर फक्त गोलकीपर असताना मारायची किक) तपासल्या. गोलकीपर जवळजवळ दरवेळी डावीकडे नाहीतर उजवीकडे झेपावले होते. खरं तर मध्ये उभं राहून चेंडू अडवण्याची शक्यता जास्त होती. पण सगळे बघत असताना काही न करता उभं राहणं माणसाला जड जातं.

मारणाऱ्याचंही तसंच. चेंडू 11 मीटरवर, समोर 7.32 मीटर रुंद गोल, तरी पाय थरथरतात. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला असतो: चेंडू ठेवायचा, कोपरा आधीच ठरवायचा, मागे यायचं, श्वास सावकाश सोडायचा, मग धाव. कोपरा मध्येच बदलायचा नाही. पेनल्टी हुकली तर सर त्या क्षणी चूक काढत नाहीत. दुसऱ्या दिवशी, एकट्याला घेऊन बोलतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: सर डॉक्टर नाहीत. मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर आम्ही तुम्हाला बोलावून घेऊ आणि तज्ज्ञाकडे न्यायला सांगू. ते काम मैदानावर करण्याचं नाही.

फी भरण्याआधी एक दिवस सराव बघायला या. सरांची प्रमाणपत्रं मागा, आम्ही दाखवतो. मुलांसोबत स्टड्स, शिन गार्ड आणि पाण्याची बाटली द्या. आणि सराव चालू असताना रेषेबाहेरून सूचना नकोत, ही कळकळीची विनंती. मुलगा सरांकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघत राहतो.